‘अ लिटल’पासून ‘आयोटा’पर्यंत: इंग्रजीतल्या ‘थोडं’विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत ‘थोडं’ या एका शब्दावर आपला दिवस निघतो. थोडं पाणी, थोडी माणसं, थोडा ताप, थोडं लवकर, थोडं दुखतंय. इंग्रजीत यातल्या जवळजवळ प्रत्येक जागेसाठी वेगळा शब्द आहे. तो चुकला, तर व्याकरण शुद्ध असूनही वाक्य भलतंच बोलून जातं. मी भाषांतराचं काम करते आणि नोकरी सांभाळून इंग्रजी सुधारू पाहणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवते. त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी शब्द देवनागरीतच लिहिले आहेत, म्हणजे वाचतानाच उच्चार कानात बसेल.

एका ‘अ’मुळे खरंच एवढा फरक पडतो का? ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांत वेगळं काय?

पडतो. या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून तो आधी घेतला.

‘आय हॅव अ लिटल टाइम’ म्हणजे माझ्याकडे थोडा वेळ आहे, बोला. ‘आय हॅव लिटल टाइम’ म्हणजे माझ्याकडे फारसा वेळ नाही, आटपा. घड्याळ लावून बसलात तर दोन्ही वेळा दहाच मिनिटं निघतील. बदलते ती बोलणाऱ्याची नजर. ‘अ’ असला की बोलणारा जे हाताशी आहे ते सांगतोय, आणि ‘अ’ गेला की काय कमी पडतंय ते.

मराठीत हा फरक आपणही करतो, पण वेगळ्या वाटेने. ‘थोडा वेळ आहे’ आणि ‘फारसा वेळ नाही’ ही वाक्यं आपण कधीच एकमेकांच्या जागी वापरत नाही. इंग्रजी ‘लिटल’ने तो ‘नाही’ पोटात घातलेला असतो, त्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नुसतं ‘लिटल’ लिहिलंत की मनात ‘फारसं… नाही’ असं म्हणून बघा. तुम्हाला तसं म्हणायचं नसेल, तर ‘अ’ राहून गेला आहे.

माझ्या वर्गातल्या एका बाईंना लहान मुलांबरोबर काम करायचं होतं. दोन वर्षांचा चांगला अनुभव गाठीशी होता. अर्जात त्यांनी लिहिलं होतं, ‘आय हॅव लिटल एक्स्पीरियन्स ऑफ वर्किंग विथ चिल्ड्रन’. मनात होतं ‘थोडाफार अनुभव आहे’. स्वभाव नम्र, म्हणून ‘थोडाफार’. कागदावर मात्र ‘मला मुलांबरोबर काम करण्याचा फारसा अनुभव नाही’ असं उमटलं होतं. तो अर्ज दोन ठिकाणी जाऊनही आला होता. मी पेन्सिलीने ‘लिटल’च्या आधी एक अक्षर घातलं. त्या बराच वेळ त्या अक्षराकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “एवढंच?” शेवटी आम्ही ते वाक्यच बदलून ‘सम एक्स्पीरियन्स’ केलं. ‘सम’मध्ये बढाई नाही आणि स्वतःला कमी लेखणंही नाही. अर्जात, परिचयपत्रात, मुलाखतीत अनुभवाबद्दल बोलताना मी नेहमी ‘सम’ सुचवते.

आणखी एक गोष्ट. रोजच्या बोलण्यात इंग्रजी बोलणारी माणसं नुसतं ‘लिटल’ फार कमी वापरतात. ते जरा लेखी वळणाचं आहे. बोलताना ती ‘आय डोन्ट हॅव मच टाइम’ असं म्हणतात. ‘नॉट मच’ हे आपल्या ‘फारसं नाही’चं सख्खं भावंड आहे, बिनधास्त वापरा.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’चंही तसंच का?

अगदी तसंच. फक्त ‘लिटल’ न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी आणि ‘फ्यू’ मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी. ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे काही माणसं आली. ‘फ्यू पीपल केम’ म्हणजे फारशी कुणी आली नाहीत.

मग ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे ‘अगदी थोडे’ ना?

नाही, बरोबर उलट. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे बरेच. ‘क्वाइट अ बिट’ म्हणजेही बरंच. ‘क्वाइट’चा ‘अगदी’ असा अर्थ शाळेत पाठ केलेला असतो, त्यामुळे इथे जवळजवळ सगळेच फसतात. खरोखर ‘अगदी थोडे’ म्हणायचं असेल तर ‘ओन्ली अ फ्यू’ किंवा ‘व्हेरी फ्यू’ म्हणा.

असाच एक चकवा ‘नॉट’ लागल्यावर होतो. ‘शी वॉज नॉट अ बिट अनॉइड’ म्हणजे ती जराही वैतागली नाही. ‘शी वॉज नॉट अ लिटल अनॉइड’ म्हणजे ती चांगलीच वैतागली. ‘बिट’ आणि ‘लिटल’ एरवी हातात हात घालून चालतात, पण ‘नॉट’ आला की दोघांची तोंडं दोन दिशांना. दुसऱ्या प्रकारचं वाक्य जुन्या लिखाणात बरंच भेटतं. स्वतः लिहायची गरज पडणार नाही, पण वाचताना उलटा अर्थ लागू नये म्हणून लक्षात असू द्या.

‘अ बिट’ आणि ‘अ लिटल’ एकमेकांच्या जागी चालतात का?

विशेषणाआधी चालतात. ‘अ बिट टायर्ड’, ‘अ लिटल टायर्ड’, दोन्ही ठीक. नामाआधी ‘बिट’ला ‘ऑफ’ लागतो आणि ‘लिटल’ला लागत नाही, म्हणून ‘अ बिट ऑफ टाइम’ पण ‘अ लिटल टाइम’.

याहून कामाची गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकांत क्वचित सापडते. ‘अ बिट’ सहसा नावडत्या गुणांना लागतो. ‘अ बिट स्लो’, ‘अ बिट नॉइझी’, ‘अ बिट डिफिकल्ट’ हे कानाला नीट वाटतं. ‘अ बिट ब्यूटिफुल’ किंवा ‘अ बिट काइंड’ विचित्र लागतं. मात्र तुलना आली की ही अडचण संपते. ‘अ बिट काइंडर’, ‘अ बिट बेटर’ अगदी सहज.

‘बिट’ हा मुळात ‘बाइट’चा भाऊ. दातांनी तोडलेला तुकडा तो ‘बिट’. लॅटिनमधून आलेल्या ‘मॉर्सल’च्या मागेही चावण्याचंच क्रियापद आहे, आणि पश्चात्तापाला इंग्रजीत म्हणतात तो ‘रिमॉर्स’ म्हणजे मुळात पुन्हा पुन्हा घेतलेला चावा. संगणकातला ‘बिट’ मात्र यांच्या घरातला नाही. तो ‘बायनरी डिजिट’ या दोन शब्दांची जोडणी आहे. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८च्या आपल्या निबंधात तो छापला आणि शब्द संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी सुचवल्याचं तिथेच नमूद केलं.

‘माय सॅलरी इज लेस’ यात काय चुकलं?

‘कमी’चं भाषांतर आपण डोळे मिटून ‘लेस’ करतो. मराठी ‘कमी’ एकटा उभा राहतो. पाणी कमी आहे, पगार कमी आहे, उजेड कमी आहे. ‘लेस’ला मात्र समोर कुणीतरी लागतं, कशापेक्षा कमी ते सांगावं लागतं. तुलना नसेल तर पगार आणि पाण्याची पातळी ‘लो’ असते, उजेड ‘डिम’ असतो आणि वेळ ‘शॉर्ट’ असतो. पुरेसं नाही असं म्हणायचं असेल तर ‘नॉट इनफ’.

‘लेस’ आणि ‘फ्युअर’चा वादही इथेच उरकते. मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘फ्युअर’ आणि न येणाऱ्यांना ‘लेस’ हा नियम परीक्षेत आणि औपचारिक लेखनात पाळा. पण त्याला वेदवाक्य मानू नका. १७७०मध्ये रॉबर्ट बेकर यांनी हा भेद पुस्तकात मांडला तोच मुळी स्वतःची आवड म्हणून. अंतर, वेळ, पैसा यांच्या आकड्यांपुढे तर ‘लेस दॅन’च बरोबर. पाच किलोमीटर हे पाच सुटे किलोमीटर नसतात, ते एक अंतर असतं, म्हणून ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’.

‘थोडं थोडं’ला ‘लिटल लिटल’ म्हणता येतं?

येत नाही. मराठीत शब्दाची द्विरुक्ती करून आपण जे साधतो ते इंग्रजीत मध्ये एक शब्द घालून साधतात. हळूहळू वाढत जाणारं असेल तर ‘लिटल बाय लिटल’. एकेक घास, एकेक धडा असं असेल तर ‘अ लिटल अ‍ॅट अ टाइम’. आणि येणारी गोष्ट तुटक तुटक, हप्त्याहप्त्याने, कंटाळा आणत येत असेल तर त्यासाठी ‘इन ड्रिब्स अँड ड्रॅब्स’ असा मोठा झकास प्रयोग आहे. बातम्या, माहिती, उत्तरं ‘ड्रिब्स अँड ड्रॅब्स’मध्ये येतात. ‘मला इंग्रजी थोडं थोडं येतं’ याला मात्र साधं ‘आय स्पीक अ लिटल इंग्लिश’ पुरे.

‘जरा इकडे या’मधल्या ‘जरा’चं काय करायचं?

काहीच करायचं नाही. तो ‘जरा’ प्रमाण सांगत नाही, आज्ञेची धार कमी करतो. ‘कम हिअर लिटल’ या वाक्याला अर्थ नाही. इंग्रजीत ती मऊपणाची जबाबदारी ‘कुड यू’ आणि ‘जस्ट’ घेतात. ‘कुड यू जस्ट कम हिअर?’ ‘जरा लवकर या’मध्ये मात्र ‘जरा’ खरोखरचं प्रमाण आहे, तिथे ‘अ लिटल अर्लियर’. आणि इथेही तो ‘अ’ सोडू नका.

‘आयोटा’, ‘व्हिट’, ‘जॉट’, ‘श्रेड’ हे शब्द साध्या होकारार्थी वाक्यात का बसत नाहीत?

याचं उत्तर तुम्हाला आधीच येतं, फक्त मराठीत. ‘माझा त्याच्यावर तसूभर विश्वास आहे’ असं तुम्ही कधी म्हणाल का? ‘सुतराम शक्यता आहे’ म्हणाल? नाही म्हणणार. तसूभर, सुतराम, तीळमात्र, काडीचाही हे सगळे ‘नाही’च्या आधाराने उभे राहणारे शब्द. इंग्रजीतले हे चार जणही तसेच. ‘देअर इजन्ट अ श्रेड ऑफ एव्हिडन्स’ म्हणजे तीळमात्र पुरावा नाही. ‘नॉट वन आयोटा’, ‘नॉट अ व्हिट’, ‘नॉट अ जॉट’. ‘इफ’ने सुरू होणारं वाक्य किंवा प्रश्न असेल तरी चालतात, कारण तिथेही ‘नसेलच’ची छाया असते. ‘इफ यू हॅड अ श्रेड ऑफ डीसन्सी’ म्हणजे तुझ्यात तीळभर जरी सभ्यपणा असता.

या शब्दांवर माझा फार जीव आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. ‘आयोटा’ हे ग्रीक वर्णमालेतलं सर्वांत लहान अक्षर, एक उभी रेघ. ‘जॉट’ हे त्याच अक्षराचं झिजलेलं नाव. ‘टिटल’ म्हणजे अक्षरावरची बारीकशी खूण. इंग्रजीतल्या लहान ‘आय’वरच्या टिंबाला आजही हेच नाव आहे. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये, मॅथ्यूच्या पाचव्या अध्यायात, ‘वन जॉट ऑर वन टिटल’ अशी जोडी येते: धर्मशास्त्रातलं एक अक्षर किंवा एक टिंबही ढळणार नाही, या अर्थाने. आपण ‘काना-मात्रेचाही फरक नाही’ म्हणतो त्याच धाटणीची ही कल्पना. पटकन चार ओळी टिपून ठेवण्याला ‘जॉट डाउन’ म्हणतात, तो ‘जॉट’ही हाच.

‘व्हिट’ची कथा तर माझ्या मते सगळ्यांत सुंदर आहे. जुन्या इंग्रजीत ‘विख्त’च्या जवळपास जाणारा एक शब्द होता, अर्थ ‘वस्तू’ किंवा ‘जीव’. त्याच्या आधी नकार जोडला की ‘कोणतीही वस्तू नाही’. तो जोडशब्द झिजत झिजत ‘नॉट’ झाला. म्हणजे ‘नॉट अ व्हिट’ म्हणताना तुम्ही एकच शब्द दोनदा उच्चारता, एकदा झिजलेला आणि एकदा शाबूत.

‘स्मिजन’, ‘टॅड’, ‘पिंच’ यांत जास्त काय आणि कमी काय?

बोलण्यात यांना माप नाही. मोजायच्या चमच्यांच्या काही संचांवर मात्र हे शब्द खरोखर कोरलेले असतात. त्यांत बहुधा ‘टॅड’ म्हणजे छोट्या चमच्याचा १/४ भाग, ‘डॅश’ १/८, ‘पिंच’ १/१६ आणि ‘स्मिजन’ १/३२. प्रत्येक पुढचा आधीच्याच्या निम्मा. चमचे बनवणाऱ्यांनी केलेली ती सोय आहे, भाषेचा नियम नव्हे.

वापराचं सांगायचं तर ‘स्मिजन’ आणि ‘टॅड’ दोन्ही अमेरिकेतून आलेले आणि दोन्ही घरगुती. ‘टॅड’ हा आधी लहान मुलासाठी वापरला जाई, मग ‘थोडंसं’ झाला. विशेषणाआधी तो फार छान बसतो. ‘अ टॅड लेट’ म्हणजे अंमळ उशीर. मला ‘अंमळ’ला याहून जवळचा इंग्रजी शब्द सापडलेला नाही. ‘स्मिजन’ नामाला लागतो, ‘अ स्मिजन ऑफ’, आणि लाडात त्याचा ‘स्मिज’ होतो. वरिष्ठांना पाठवायच्या अहवालात यांपैकी एकही नको. तिथे ‘स्लाइटली’ किंवा ‘मार्जिनली’.

अमेरिकन बोलीत ‘स्कोश’ असाही शब्द कानावर पडेल. तो जपानी ‘सुकोशी’चा, म्हणजे तिकडच्या ‘थोडं’चा अपभ्रंश. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानकडे राहिलेल्या अमेरिकी सैनिकांनी तो घरी नेला. ऑस्ट्रेलियात ‘नॉट अ स्केरिक लेफ्ट’ म्हणतात, कणभरही उरलं नाही. स्कॉटलंडचा ‘वी’ तर सगळ्यांना माहीत असतो. तो जुन्या इंग्रजीतल्या वजनवाचक शब्दातून आला. आधी प्रमाण दाखवायचा, नंतर ‘इवलासा’ झाला.

कोणत्या नामाबरोबर कोणता शब्द, हे कसं ओळखायचं?

एकेकटा शब्द पाठ करून नाही. जोडी पाठ करायची. आशेचा ‘किरण’ असतो, तिचा ‘थेंब’ म्हटलं तर कानाला खटकतं. इंग्रजीतही प्रत्येक शब्दाचं आपलं गोत्र ठरलेलं आहे.

आशेसाठी ‘अ ग्लिमर ऑफ होप’. सत्यासाठी ‘अ ग्रेन ऑफ ट्रूथ’. दिलाशासाठी ‘अ क्रम ऑफ कम्फर्ट’. धुळीसाठी ‘अ स्पेक ऑफ डस्ट’. धुरासाठी आणि चेहऱ्यावर आलेल्या बटेसाठी ‘अ विस्प’. उदासीची छटा असेल तर ‘अ टिंज ऑफ सॅडनेस’. अंगात कणकण असेल तर ‘अ टच ऑफ फीव्हर’. फटीतून आत आलेली प्रकाशाची पट्टी ‘अ स्लिव्हर ऑफ लाइट’. जवळून पाहिलं तर यातल्या बहुतेकांत एक चित्र दडलेलं आहे, दाणा, चुरा, ठिपका, बट, स्पर्श. ते चित्र मनात आलं की जोडी चुकत नाही.

तीन शब्द वेगळे काढते, कारण भाषांतरात त्यांनीच मला सर्वांत जास्त दमवलं आहे.

‘मोडिकम’ हा जवळजवळ नेहमी चांगल्या आणि अमूर्त गोष्टींबरोबर येतो. ‘अ मोडिकम ऑफ रिस्पेक्ट’, ‘अ मोडिकम ऑफ कॉमन सेन्स’. त्यात एक अपेक्षा असते: निदान एवढं तरी हवं. म्हणून मी त्याचं मराठी ‘थोडासा आदर’ असं न करता ‘किमान आदर’ असं करते. ‘अ मोडिकम ऑफ डस्ट’ कुणी म्हणत नाही.

‘स्मॅटरिंग’ हे वरवरच्या ज्ञानासाठी. ‘अ स्मॅटरिंग ऑफ फ्रेंच’ म्हणजे फ्रेंचची तोंडओळख, चार शब्द इकडचे, चार तिकडचे. दुसऱ्याबद्दल म्हणताना जपून, त्यात किंचित उणेपणा आहे.

‘सिंटिला’ हा लॅटिन शब्द, अर्थ ठिणगी. न्यायालयाच्या भाषेत तो पुराव्याबरोबर येतो, ‘नॉट अ सिंटिला ऑफ एव्हिडन्स’. हीच ठिणगी फ्रेंचमधून फिरून आली आणि तिचा चमचमणारा ‘टिन्सेल’ झाला. नक्षीचा ‘स्टेन्सिल’ही तिच्याच कुळातला.

तपासणीच्या अहवालात ‘ट्रेस’ लिहिलेलं असतं, म्हणजे आहे की नाही?

आहे, पण मोजून आकडा द्यावा इतकं नाही. मूळ अर्थ माग, पाऊलखूण. पट्टी बुडवून करतात त्या लघवीच्या चाचणीत ‘निगेटिव्ह’ आणि ‘वन प्लस’ यांच्या मध्ये ‘ट्रेस’ची पायरी असते. हवामानाच्या नोंदीतही हा शब्द आहे. अमेरिकेत ०.०१ इंचाहून कमी पाऊस पडला तर आकड्याच्या जागी ‘ट्रेस’ लिहितात. ‘निल’ म्हणजे नाहीच. ‘नेग्लिजिबल’ म्हणजे आहे, पण दखल घेण्याजोगं नाही, आणि हा मात्र लिहिणाऱ्याचा निर्णय असतो, मोजमाप नव्हे. भाषांतर करताना या तिघांना एकाच ‘नगण्य’मध्ये कोंबू नका, ही माझी कळकळीची विनंती. वैद्यकीय कागदपत्रात तर नकोच.

‘मिनिट’ आणि ‘मायन्यूट’ स्पेलिंग एकच, मग उच्चार दोन का?

वेळ असेल तर ‘मिनिट’, अतिसूक्ष्म असेल तर ‘मायन्यूट’. दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून आले, अर्थ ‘बारीक केलेलं’. तासाचे पहिल्यांदा बारीक भाग केले ते मिनिट, आणि दुसऱ्यांदा केले म्हणून त्यांचं नाव ‘सेकंड’, म्हणजे दुसरा.

‘मिनस्क्यूल’, म्हणजे अगदी इवलंसं, याचं स्पेलिंग लिहिताना आत ‘मिनी’ शोधू नका, ‘मायनस’ शोधा. इंग्रजी मातृभाषा असलेलेही इथे सर्रास चुकतात.

‘ग्रेन’, ‘स्क्रूपल’, ‘आउन्स’ ही खरी वजनं होती का?

होती, आणि ‘ग्रेन’ तर अजून आहे. एक ग्रेन म्हणजे ६४.७९८९१ मिलिग्रॅम, मुळात धान्याच्या दाण्यावरून घेतलेलं वजन. औषधविक्यांच्या जुन्या कोष्टकात २० ग्रेनचा एक स्क्रूपल, ३ स्क्रूपलचा एक ड्रॅम, ८ ड्रॅमचा एक आउन्स. आपल्याकडच्या आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा याच चालीचं कोष्टक. अ‍ॅस्पिरिनची गोळी ३२५ मिलिग्रॅम अशा अवघड आकड्याची का, असं कधी वाटलं असेल तर उत्तर इथे आहे: ती पाच ग्रेनची गोळी होती.

‘स्क्रूपल’ म्हणजे लॅटिनमध्ये टोकदार बारीक खडा. चपलेत शिरलेला खडा आठवा. दिसायला एवढासा, पण धड चालू देत नाही. मनाची टोचणी या अर्थाने इंग्रजीत आज उरलेला ‘स्क्रूपल’ तो हाच. ‘आउन्स’ आणि ‘इंच’ दोघंही एकाच लॅटिन शब्दाची लेकरं, अर्थ बारावा भाग. ‘नॉट ॲन आउन्स ऑफ ट्रूथ’ असं म्हणतात ते यावरून.

‘नॅनो’ म्हणजे नेमकं किती लहान? आणि ‘क्वांटम लीप’?

‘नॅनो’ हा ग्रीक शब्द, अर्थ बुटका. मापात त्याचा अर्थ एक अब्जांश. एका नॅनोसेकंदात प्रकाश साधारण ३० सेंटिमीटर जातो. संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर तेवढ्या लांबीचे तारेचे तुकडे व्याख्यानात वाटत असत आणि हा नॅनोसेकंद, हातात धरा म्हणत. मोठी कल्पना शिकवण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही. त्याहून खाली पिको, फेम्टो, ॲट्टो आहेत, आणि २०२२मध्ये ‘क्वेक्टो’ची भर पडली: दशांश चिन्हापुढे २९ शून्यं आणि मग १.

‘क्वांटम लीप’ बोलण्यात ‘प्रचंड झेप’ म्हणून वापरतात. भौतिकशास्त्रातली ती उडी मात्र अणूच्या आत होते, म्हणजे कल्पनेपलीकडे लहान. मोठेपणा तिच्या आकारात नसून ती मधल्या पायऱ्या न घेता एकदम होते यात आहे. भाषांतरात मी ‘एकदम मोठी झेप’ लिहिते.

इंग्रज माणूस ‘अ बिट ऑफ अ प्रॉब्लेम’ म्हणाला तर काळजी करावी का?

करावी. कमी करून सांगणं हा तिथल्या बोलण्याचा एक रीतसर ढंग आहे. १९८२च्या जूनमध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक विमान जावा बेटाजवळ ज्वालामुखीच्या राखेत सापडलं आणि चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं, आपल्यासमोर एक ‘स्मॉल प्रॉब्लेम’ आहे, चारही इंजिनं थांबली आहेत. विमान पुढे जकार्त्याला सुखरूप उतरलं. तेव्हा ‘आय अ‍ॅम अ बिट डिसअपॉइंटेड’ असं पत्र आलं तर त्याचं मराठी ‘मी थोडा नाराज आहे’ होत नाही. ‘मला हे अजिबात आवडलेलं नाही’ याच्या जवळ जाणारं काहीतरी होतं, आणि उत्तर त्याच दिवशी पाठवलेलं बरं.

‘हार्डली’बरोबर ‘नॉट’ लावायचा का?

नाही. ‘हार्डली’, ‘स्केअर्सली’, ‘बेअरली’ यांच्यात नकार आधीच मुरलेला आहे. ‘हार्डली एनी टाइम’, बस. आणि ‘ही वर्क्स हार्डली’ असं लिहू नका. त्याचा अर्थ तो खूप काम करतो असा होत नाही, तो कामच करत नाही असा होतो. हवं असतं ते ‘ही वर्क्स हार्ड’.

मराठीतले ‘तसूभर’, ‘रतिभर’, ‘सुतराम’ इंग्रजीत कसे न्यायचे?

चित्र जुळलं तर चित्रासकट न्यावं. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग, लांबीचं माप. म्हणून ‘तो तसूभरही हलला नाही’ हे ‘ही डिडन्ट बज ॲन इंच’ असं देखणं उतरतं, मापाला माप. ‘रतिभर खोट नाही’मध्ये वजन आहे, तिथे ‘नॉट अ ग्रेन’ किंवा ‘नॉट ॲन आउन्स’ शोभतं. ‘दर्यामें खसखस’ला ‘अ ड्रॉप इन द ओशन’, अमेरिकेत ‘इन द बकेट’. ‘मूठभर माणसं’ जशीच्या तशी ‘अ हँडफुल ऑफ पीपल’, पण एखाद्या मुलाला ‘ही इज अ हँडफुल’ म्हटलं तर तो आवरता आवरत नाही असा अर्थ होतो, हे विसरू नका.

‘सुतराम’ मात्र चित्रात सापडत नाही. त्याला सूत म्हणजे धागा समजून ‘नॉट अ थ्रेड’ करायचा मोह होतो, मलाही एकदा झाला होता. पण ‘सुतराम’ संस्कृतातला आहे आणि त्याचा धाग्याशी संबंध नाही. मूळ अर्थ ‘पूर्णपणे’. म्हणून ‘सुतराम शक्यता नाही’ला ‘देअर इज नो पॉसिबिलिटी व्हॉट्सोएव्हर’, आणि बोलताना ‘नॉट द स्लाइटेस्ट चान्स’.